वारा गाळता येत नाही

आपल्या घरांत धर्माचा पहिला धडा मुलीला पाण्याच्या घागरीपाशी मिळतो. दुहेरी फडकं, त्याला मध्ये खळगा पाडून घागरीच्या तोंडावर धरायचं, वरून हळू पाणी ओतायचं आणि फडक्यात जे राहील ते पुन्हा त्याच विहिरीत किंवा आडात सोडून द्यायचं. हल्ली घरोघर फिल्टर आले, तरी पुष्कळ घरांत अजून नळाला फडकं बांधलेलं दिसतं. परक्या माणसाला ही स्वच्छतेची सवय वाटते. आपल्याला माहीत असतं की यात स्वच्छतेहून मोठं काही आहे. जो जीव डोळ्यांना दिसत नाही, तोही हिशेबात धरायचा, एवढी मोठी गोष्ट एका फडक्यानं शिकवलेली असते.

पाण्याचं असं झालं. वाऱ्याचं काय? आपल्या शास्त्रात पृथ्वीकायिक, जलकायिक, अग्निकायिक, वायुकायिक आणि वनस्पतिकायिक असे पाच स्थावर जीव सांगितलेत. म्हणजे वाऱ्यालाही आपण जीव मानतो. श्वेतांबरांतले स्थानकवासी आणि तेरापंथी साधू-साध्वी तोंडावर मुहपत्ती बांधतात, ती आपल्या गरम उच्छ्वासानं वायुकायाला इजा पोचू नये म्हणून. वाऱ्याची इतकी काळजी करणारा समाज जगात दुसरा शोधून सापडायचा नाही. म्हणून मला वाटतं की दगडाच्या खाणी आणि खडीचे क्रशर यांच्या आसपास जो वारा आज वाहतो आहे, त्याचा विचार करायची जबाबदारी आपल्यावर इतरांपेक्षा थोडी जास्तच येते. प्रश्न साधा आहे. खाणीवाल्याला कुणाला मारायचं नसतं. घर बांधणाऱ्याला कुणाला मारायचं नसतं. रस्ता करणाऱ्या सरकारलाही नसतं. तरी शेजारच्या गावातल्या माणसाच्या छातीत दगड जाऊन बसतो. मग ही हिंसा कुणाची?

आधी धूळ कशी होते ते पाहू. आपण बायका धूळ म्हटलं की कपाटावर बसलेली धूळ डोळ्यांपुढे आणतो. ती धूळ बिचारी गरीब असते, फडक्यानं पुसली की गेली. खाणीत आधी दगडाला ड्रिलनं भोकं पाडतात. ते काम कोरडं केलं तर पिठाची गिरणी चालल्यासारखा पांढरा लोट उठतो. मग सुरुंग. मग मोठे दगड क्रशरच्या जबड्यात घालून फोडायचे, चाळण्यांवर चाळून खडी, बारीक खडी, कच वेगळी करायची आणि पट्ट्यावरून ढिगावर टाकायची. नदीच्या वाळूवर निर्बंध आल्यापासून दगड आणखी दळून कृत्रिम वाळू करतात, तिला एम-सँड म्हणतात. जितकं बारीक दळावं तितकी धूळ जास्त, हे जात्यावर बसलेल्या बाईला सांगायला नको. एवढं झाल्यावर टिप्पर भरून कच्च्या रस्त्यानं गावातून जातो आणि कित्येक ठिकाणी सगळ्यांत जास्त धूळ त्या रस्त्याचीच असते.

यातली जाड धूळ जवळच्या जवळ बसते. उसाच्या पानावर, छपरावर, दोरीवरच्या कपड्यांवर आपल्याला दिसते ती ही. दहा मायक्रॉनहून बारीक कण मात्र लांब जातात. आपला एक केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करावा. चार-पाच मायक्रॉनच्या आतला कण नाकातले केस, घशातला ओलावा या सगळ्यांना चुकवून फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतो. म्हणजे जी धूळ दिसते ती कमी वाईट, आणि जी दिसत नाही ती जास्त वाईट. पाण्याच्या फडक्यानं आपल्याला हेच तर शिकवलं होतं.

दगडादगडांतही फरक असतो. आमच्या बेळगावचा काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, दख्खनच्या पठाराचा. त्यात मोकळी सिलिका कमी असते. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो वालुकाश्म आणि क्वार्टझाइटचा. अशा दगडात सिलिका पुष्कळ. ग्रॅनाइटमध्येही बऱ्यापैकी. ही सिलिकेची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की फुफ्फुसात गाठी होतात, ते आकसत जातं, माणसाला दोन पायऱ्या चढवत नाहीत. त्याला सिलिकॉसिस म्हणतात. तो बरा होत नाही. क्षयरोग त्याच्या पाठोपाठ सहज येतो आणि पुष्कळदा डॉक्टरही त्याला क्षयरोग समजूनच औषधं देत राहतात. शिवाय सिलिकेची धूळ कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1997 मध्येच जाहीर केलंय. सिलिका कमी असलेला दगड म्हणजे निर्धोक, असंही समजू नये. कोणतीही बारीक धूळ दम्याच्या माणसाला, लहान लेकराला, पोटुशी बाईला वाईटच.

आपल्या देशात हवेतल्या दहा मायक्रॉनच्या आतल्या धुळीची वर्षाची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम ठरवली आहे. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून म्हणते, 15 च्या वर नको. आणि क्रशरच्या यंत्रापासून तीन ते दहा मीटरवर मोजलेल्या एकूण तरंगत्या धुळीला नियमानं 600 पर्यंत मुभा आहे. हे मोजमाप वेगवेगळ्या तऱ्हेचं आहे, एकाला एक लावता यायचं नाही, हे मला कळतं. पण यंत्राच्या शेजारी कामाला कोण उभं असतं, हेही कळतं.

आकड्यांपेक्षा मला बायकांची मापं जास्त पटतात. आमच्या नात्यातली एक अक्का क्रशरपासून मैलभर अंतरावरच्या गावात राहते. ती म्हणते, “पूर्वी चैत्रात अंगणभर कुरडया-सांडगे घालायचो. आता घालते ते आत, पंख्याखाली. उन्हात घातल्या तर खाताना दाताखाली कचकच येतंय बघ.” पांढरं लुगडं दोरीवर टाकणं त्या गल्लीत बंद झालंय. सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा झाडायचं. थंडीत पहाटे धूळ वर जात नाही, धुक्यासारखी गावावर बसून राहते आणि त्याच वेळी बायका चूल-पाण्याला, गोठ्याला उठलेल्या असतात. मिरगाचा पाऊस पडला की सगळं गाव मोकळा श्वास घेतं. दिवाळीनंतर पुन्हा खोकला. अक्काला डॉक्टरनं सांगितलं, धुळीपासून लांब राहा. ती मला म्हणाली, “लांब म्हंजे कुठं जाऊ ग? घर काय डोक्यावर घेऊन हिंडू?”

या बोलण्यात एक गोष्ट आहे ती नीट बघण्यासारखी आहे. खाणीतल्या मजुराला निदान पगार मिळतो. तो कमी असेल, पण धुळीच्या बदल्यात काहीतरी त्याच्या हातावर पडतं. त्याचं नाव कुठल्यातरी हजेरीपटावर असायला हवं असा कायदा आहे. कायद्यानुसार सिलिकॉसिस हा कळवायलाच हवा असा आजार आहे. अक्काचं नाव कुठल्याच पटावर नाही. तिनं दगड फोडला नाही, विकला नाही, विकत घेतला नाही. तिच्या वाट्याला फक्त वारा आला. व्यवहारात आपण म्हणतो, ज्याचा नफा त्याचा तोटा. इथं नफा एकाचा आणि तोटा त्याचा, ज्याला कुणी विचारलंच नाही.

आता आपल्या धर्माच्या मापानं मोजू. हिंसेचे चार प्रकार आपण लहानपणापासून ऐकतो. जाणूनबुजून मारणं ती संकल्पी. स्वयंपाकपाणी, झाडलोट यांत होते ती आरंभी. पोटापाण्याच्या धंद्यात होते ती उद्योगी. आणि स्वतःच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची आहे. बाकीच्या तिन्ही जमेल तितक्या कमी करायच्या आहेत. आमच्या ओळखीतल्या कुणी खाणवाल्यानं हे पाठ केलेलं असतं. तो म्हणतो, “वहिनी, ही उद्योगी हिंसा. शेतकरी नांगरतो, त्यात कीडमुंगी मरते, तसंच हे.” वरवर बघता उत्तर बिनतोड आहे.

पण ते पुरं नाही. आपल्याच जुन्या आचार्यांनी उद्योगांतही निवड केलेली आहे. श्रावकानं टाळावेत असे पंधरा धंदे उपासकदशांग सूत्रात आणि बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात सांगितलेत. त्यांत कोळसा पाडणं आहे, जंगल तोडणं आहे, विषाचा व्यापार आहे आणि स्फोटजीविकाही आहे. म्हणजे जमीन खणून, दगड फोडून पोट भरणं. आपण दिगंबर, ते ग्रंथ श्वेतांबरांचे, असं म्हणून बाजूला सारता येईल; पण क्रूर धंदा श्रावकानं करू नये हे आपल्याकडच्या श्रावकाचारातही आहेच. त्या आचार्यांना सिलिकॉसिस ठाऊक असेल असा माझा दावा नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे पृथ्वीकायिक जीव आणि जमिनीतले किडेमुंग्या होत्या. एवढं मात्र त्यांनी ओळखलं होतं की पोटासाठी केला म्हणून प्रत्येक धंदा सारखा होत नाही.

मग कुणी म्हणेल, दगडच नको का? मग आपल्या बस्त्या कशा झाल्या? बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती 1204 साली रट्टांच्या राज्यात बांधली गेली. काळ्या दगडातलं ते छतावरचं कमळ बघताना मान दुखते, तरी नजर निघत नाही. श्रवणबेळगोळचा बाहुबली तर डोंगराच्या दगडातूनच कोरून काढलेला. दगड फोडायचाच नाही म्हटलं तर हे काहीच झालं नसतं. खरं आहे. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही, आणि शास्त्रानंही ते मान्य केलंय. शास्त्र म्हणतं, त्रस जीवांना मुळीच दुखवू नका, स्थावरांचं विनाकारण करू नका.

माझ्या मते इथंच गाठ सुटते. खाणीत दोन वेगळ्या हिंसा होतात आणि आपण त्या एकातच गुंडाळतो. डोंगर फुटतो ती एक. तिला घर, रस्ता, बस्ती यांच्या गरजेचं कारण देता येईल. धूळ माणसाच्या छातीत जाते ती दुसरी. ती पंचेंद्रिय जीवाची हिंसा आहे. आणि तिला कोणती गरज कारण म्हणून देणार? बस्तीला दगड लागतो, धूळ लागत नाही. रस्त्याला खडी लागते, अक्काचा खोकला लागत नाही. दगडाच्या गरजेचं कारण धुळीला लावणं म्हणजे भाजी चिरायला विळी लागते म्हणून बोट कापून घ्यायचं.

धूळ थांबवता येते का, हा मग खरा प्रश्न. येते. पुष्कळशी येते. ड्रिल ओलं चालवायचं, म्हणजे भोकात पाणी सोडत. क्रशरच्या जबड्यावर आणि पट्ट्यावर पाण्याचे फवारे. चाळण्यांवर पत्र्याचं झाकण. वाऱ्याच्या बाजूला भिंत. आवारातला रस्ता पक्का करून तो रोज झाडायचा, भिजवायचा. कडेनं झाडं. टिप्परवर ताडपत्री. यातलं बरंचसं क्रशरच्या परवान्याच्या अटींत लिहिलेलंच असतं. कर्नाटकात तर 2011 पासून क्रशरसाठी वेगळा कायदा आहे आणि त्यात सुरक्षित क्षेत्र ठरवून द्यायची तरतूद आहे. म्हणजे कुणाला नवा शोध लावायचा नाही. धुळीनं फुफ्फुस दगड होतं, हेही नवं नाही. आपल्याच राज्यातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांत 1930 च्या दशकात हा रोग नोंदला गेला. त्याला नव्वद वर्षं होत आली.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या सांगताना प्राण गेला की नाही याच्या आधी प्रमाद सांगितलाय. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, बेपर्वाई. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात ते आणखी स्पष्ट केलं. जपून वागणाऱ्याच्या हातून एखादा जीव गेला तरी तो हिंसक ठरत नाही, आणि बेपर्वा माणसाच्या हातून कुणी मेलं नाही तरी हिंसा घडलेलीच असते, असा त्याचा भाव. बायकांना हे लगेच कळतं. उकळत्या आधणापाशी लेकराला एकटं सोडून जाणारीला आपण “भाजलं नाही ना, मग झालं” असं म्हणत नाही.

या मापानं “मला कुणाला मारायचं नव्हतं” हे उत्तर अर्धंच राहतं. फवाऱ्याचा पंप बसवलाय, पण तपासणीला माणूस येईल त्या दिवशीच चालतो. डिझेल आणि पाणी वाचतं म्हणून एरवी बंद. हा प्रमाद झाला. याच्यापुढची पायरी मला जास्त अस्वस्थ करते. गावकऱ्यांनी येऊन सांगितलं, डॉक्टरचा कागद दाखवला, शाळेतल्या बाईंनी मुलांच्या खोकल्याचं सांगितलं, आणि त्यानंतरही पंप बंदच राहिला. आता याला काय म्हणायचं? माहीत नव्हतं तोवर बेसावधपणा होता. माहीत झाल्यावर रोज सकाळी पंप बंद ठेवायचा हा एक निर्णय आहे, रोजचा. संकल्प म्हणजे तरी दुसरं काय असतं? उद्योगी हिंसेच्या नावाखाली सुरू झालेली गोष्ट अशी कधी संकल्पीच्या घरात जाऊन बसते ते करणाऱ्याला कळत नाही. म्हणून ते त्याला सांगायला हवं.

हे झालं खाणवाल्याचं. आपलं काय? आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदन असे तीन दरवाजे सांगितलेत. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावली. तिन्हींतून कर्म आत येतं.

आपली घरं बघा. पायाखाली शहाबादी, स्वयंपाकघरात कडप्पा, नवीन घर असेल तर कट्ट्याला ग्रॅनाइट, देवघरात मकराणा, अंगणात कोटा. गंमत अशी की ही सगळी गावांची नावं आहेत. शहाबाद कलबुर्गीकडं, कडप्पा आंध्रात, मकराणा आणि कोटा राजस्थानात. आपण दिवसभर या गावांवरून चालतो, त्यांच्यावर पोळ्या लाटतो, पण ती गावं कशी श्वास घेतात ते आपल्याला ठाऊक नसतं. राजस्थानच्या वालुकाश्माच्या पट्ट्यात काही खेड्यांना विधवांची गावं म्हणतात, कारण तिथले पुरुष चाळिशी गाठेपर्यंत खोकून खोकून गेले. मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ, धारकडचे आदिवासी गुजरातेत गोध्र्याकडं क्वार्ट्झ दळायच्या कारखान्यांत कामाला गेले आणि आजार घेऊन परतले. त्यातल्या 238 मृतांच्या घरच्यांना तीन-तीन लाख रुपये द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये गुजरात सरकारला दिला. ती पूड काचेच्या आणि चिनी मातीच्या कारखान्यांत जात होती. म्हणजे आपल्या कपबशीपर्यंत.

देवळांचंही बोललं पाहिजे, कारण ते आपण टाळतो. राजस्थानात सिरोही जिल्ह्यात पिंडवाडा नावाचं गाव आहे. देशभरातल्या देवळांसाठी, त्यांत आपली जैन मंदिरंही आली, दगड कोरून द्यायचे कारखाने तिथं आहेत. पूर्वी छिन्नी-हातोडा होता, आता विजेची कटर आणि ग्राइंडर आली. काम लवकर होतं आणि धूळही कितीतरी पट होते. तिथल्या कारागिरांत सिलिकॉसिस मोठ्या प्रमाणावर आढळलाय. त्यांत आदिवासी जास्त. त्याच सिरोही जिल्ह्यात आबूच्या डोंगरावर दिलवाड्याची मंदिरं आहेत, त्यांतलं पहिलं 1031 सालचं. यात्रेला गेलेल्या प्रत्येकीनं तिथल्या वाटाड्याकडून ती गोष्ट ऐकलेली असते, की कारागिरानं कोरताना जेवढी भुकटी पाडली तेवढ्याच वजनाचं सोनं त्याला मिळालं. कुणी सोनं सांगतं, कुणी चांदी. खरी असो, नसो. त्या गोष्टीत भुकटीला किंमत होती, ती तोलली जायची. आज तीच भुकटी कारागिराच्या छातीत जाते आणि कुणी तोलत नाही. वीतरागाची मूर्ती ज्या चौकटीत बसवायची, ती चौकट कोरणाऱ्याचा श्वास कोंडून झाली असेल, तर त्या पूजेत आपण नेमकं काय वाहतो, हा प्रश्न मंदिराच्या कमिटीतल्या पुरुषांनी नाही विचारला तर आपण विचारावा.

याच्यावरचा सगळ्यात अवघड आक्षेप गावातूनच येतो. “क्रशर बंद झाला तर खायचं काय?” टिप्पर चालवणारा पोरगा अक्काचाच पुतण्या असतो. गोव्यात लोहखनिजाच्या लाल धुळीनं गावंच्या गावं माखली होती. पण 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये न्यायालयाच्या निकालांनी खाणी थांबल्या तेव्हा ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांच्या घरात चूल पेटायची पंचाईत झाली. हे दुःख खोटं नाही. शहरात बसून “बंद करा” म्हणणं सोपं असतं. पण भाकरी हवी की श्वास हवा, असं ज्याला निवडायला लावलं जातं, त्याच्यावर तो प्रश्न लादणाराच आधी दोषी. पंप चालू ठेवला म्हणून कुणाची नोकरी जात नाही. ताडपत्री घातली म्हणून कुणी उपाशी राहत नाही. नफा थोडा कमी होतो. तो ज्याचा कमी होतो तो गप्प बसतो आणि गरिबाच्या भाकरीला पुढं करतो. तो पडदा बाजूला केला तर भांडण बरंच लहान आहे.

आपल्या हातात काय आहे ते आता सांगते. फार मोठं नाही, पण रोजचं आहे.

पहिलं परिग्रहाचं. घरात चांगली, पाय थंड ठेवणारी शहाबादी असताना शेजारणीनं बदलली म्हणून ती उखडायची आणि चकचकीत फरशी घालायची, हे आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी ठरत असतं आणि त्यात आपला शब्द चालतो. परिग्रहाला माप घालून घ्यायचं व्रत आपण सोन्या-नाण्याला, साड्यांना लावतो; दगडाला कधी लावत नाही. विनाकारण फोडलेल्या दगडाची धूळ म्हणजे अनर्थदंडच.

दुसरं, घेताना विचारायचं. दुकानदाराला, गवंड्याला, कंत्राटदाराला. दगड कुठला, कापताना पाणी वापरता का, कापणाऱ्याच्या तोंडावर धड मास्क आहे का. रुमालानं ही धूळ अडत नाही. आपल्याच दारात फरशी कापायला माणूस बसतो तेव्हा पाण्याची बादली आणि नळी त्याच्याजवळ आपण ठेवायची. तो “नको वहिनी, चिखल होतोय” म्हणेल. होऊ दे चिखल, आपण धुऊन काढू.

तिसरं, बस्तीचा जीर्णोद्धार निघाला की महिला मंडळानं कमिटीला लेखी द्यावं. कंत्राटात ओलं कोरीवकाम, धूळ ओढून घेणारं यंत्र, कामगारांची छातीची तपासणी या अटी घाला. जास्तीचे पैसे लागले तर त्याची वर्गणी आम्ही गोळा करतो. कलशाची बोली बोलणाऱ्या समाजाला एवढा पैसा जड नाही.

चौथं, ज्या गावात क्रशर आहे तिथल्या बायकांना एकटं पाडायचं नाही. ग्रामसभेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं अर्ज द्यायचा तर सोबत चार सह्या आपल्या. धूळ किती वाजता येते, पंप कोणत्या दिवशी बंद होता, शाळेत किती मुलं खोकतात, याची वही त्या ठेवू शकतात. दूधवाल्याचा आणि धोब्याचा हिशेब ज्या बाईला महिनोन्महिने बिनचूक ठेवता येतो, तिला हा हिशेब अवघड नाही.

दशलक्षणाच्या शेवटी क्षमावाणीला आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो. मुंगीची मागतो, पाण्याची मागतो, न दिसलेल्यांची मागतो. माझ्या मनात येतं की ज्याचं नाव, गाव, आजार आपल्याला विचारला तर कळू शकतो, त्या माणसाला “न दिसलेल्या” जिवांत ढकलता येणार नाही. वारा गाळायला फडकं नाही. जिथून धूळ उठते तिथंच तिला पाण्यानं बसवायची, हाच वाऱ्याचा गाळणा. तो चालू आहे की बंद, हे बघायला कुणीतरी जावं लागेल. तर या वेळी चौघीजणी मिळून जाऊ.